लोकेशन ‘ऑफ’ असतानाही फोन कुठे आहे, हे कुणाकुणाला कळतं?

उपग्रहाला तुमचा पत्ता ठाऊक नसतो. ‘सॅटेलाइटवरून ट्रॅक केलं’ असं आपण सर्रास म्हणतो, मालिकांमधले पोलीसही म्हणतात. पण जीपीएसचे उपग्रह फक्त बोलतात, ऐकत नाहीत. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते सतत दोनच गोष्टी सांगत असतात: मी आत्ता कुठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजलेत. कोण रेडिओ लावून बसलंय हे आकाशवाणी केंद्राला कळत नाही, तसंच हे. फोन किमान चार उपग्रहांचे संदेश पकडतो, प्रत्येकाला पोचायला किती वेळ लागला ते पाहतो आणि आपली जागा आपणच काढतो. भारताची ‘नाविक’ यंत्रणाही याच तत्त्वावर चालते.

म्हणून ‘माझं जीपीएस बंद असतं, मला कोण शोधणार’ हे म्हणणं अर्धंच खरं. जीपीएसमुळे जागा फोनला कळते. फोनकडून ती पुढे कुणाकडे जाते, तिथे किती दिवस राहते आणि तिथून आणखी कुणाला विकली जाते, काळजी करायची ती याची. शिवाय जीपीएस न वापरताही जागा कळायचे मार्ग आहेत, आणि त्यातल्या एकाला तर फोनमध्ये बटणच नाही.

टॉवरला सांगावंच लागतं

तो मार्ग म्हणजे मोबाइलचा टॉवर. तुम्हाला कुणी फोन लावला, तर तो देशभरातल्या लाखो टॉवरपैकी कुठल्या भागातल्या टॉवरवरून वाजवायचा, हे कंपनीला आधीच माहीत असावं लागतं. त्यामुळे फोन चालू आहे, रेंज आहे, तोवर तो अधूनमधून हजेरी लावत राहतो. साधा बटणांचा फोनही लावतो. मुंबईसारख्या दाट वस्तीत टॉवर जवळजवळ असल्याने ही जागा काहीशे मीटरच्या आत येते. गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्यावर ती काही किलोमीटर इकडेतिकडे असू शकते.

कॉल झाला, एसएमएस गेला, की नोंद पडते: कुणी, कुणाला, कधी, किती वेळ आणि कुठल्या टॉवरवरून. गुन्ह्याच्या बातमीत हमखास येणारा ‘सीडीआर’ तो हाच. कंपन्यांनी तो किमान दोन वर्षं जपून ठेवायचा, अशी डिसेंबर २०२१ पासून परवान्यातच अट आहे. त्याआधी एक वर्षाची होती. दरोडा पडला, खून झाला, की पोलीस ‘डंप डेटा’ काढतात, म्हणजे त्या वेळेत त्या टॉवरखाली असलेले सगळे नंबर. त्यात आरोपी सापडायची शक्यता असते. पण शेजारी राहणारे, दुचाकीवरून पुढे गेलेले आणि कोपऱ्यावर चहा प्यायला थांबलेलेही असतातच.

तपासाला हे लागतं, याबद्दल वाद नाही. माझी तक्रार राखणदारीबद्दल आहे. आपल्याकडे सीडीआर मागायला न्यायालयाचं वॉरंट लागत नाही, पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी पुरते. आणि माहिती साठली की तिला पाय फुटतात. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर मिळवून विकणाऱ्यांना पकडलं, त्यात खासगी गुप्तहेर होते. असल्या मालाला गिऱ्हाईक कोण असणार, ते सांगायला नको.

अमेरिकेतही हा वाद २०१८ मध्येच सुप्रीम कोर्टापुढे निकाली निघाला. दुकानं लुटणाऱ्या टोळीतल्या टिमोथी कार्पेंटरच्या १२७ दिवसांच्या टॉवर-नोंदी तपासयंत्रणेने वॉरंटशिवाय मिळवल्या होत्या. एकूण १२,८९८, म्हणजे दिवसाला शंभराहून जास्त. (लुटलेला माल होता मोबाइल फोन. असो.) न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की इतक्या दिवसांचा माग काढायचा तर साधारणपणे वॉरंट हवं. सरकारची बाजू अशी होती की ग्राहकाने ही माहिती आपण होऊन कंपनीला दिली, मग ती खासगी कसली? हा युक्तिवाद बहुमताने मानला नाही, कारण फोन नुसता जवळ बाळगला तरी नोंद पडते. आणि फोनशिवाय आज जगायचं कसं?

या नोंदी एकत्र ठेवल्या की कशा दिसतात, हे जर्मनीतल्या माल्टे श्पिट्झ या ग्रीन पक्षाच्या नेत्याने जगाला दाखवलं. त्याने डॉइशे टेलेकॉमकडून स्वतःचीच सहा महिन्यांची माहिती कायद्याने मिळवली: ३५,८३० ओळी. २०११ मध्ये ‘त्साइट ऑनलाइन’ने त्या नकाशावर मांडल्या. एक ठिपका जर्मनीभर फिरतो. तो कुठल्या रेल्वेत बसला, कुठल्या शहरात रात्र काढली, दिवसाचे किती फोन झाले, कधी झोपला, सगळं दिसतं. एकाही संभाषणातला एकही शब्द त्यात नाही, आणि नसल्याने काही अडलंही नाही.

राउटरही साक्ष देतो

इमारतीच्या आत, मॉलच्या तळघरात जीपीएस नीट चालत नाही. तरी नकाशावरचा निळा ठिपका बऱ्यापैकी जागेवर असतो, तो वाय-फायमुळे. प्रत्येक राउटर आपला क्रमांक आसपास सांगत असतो. कुठला क्रमांक कुठल्या गल्लीत आहे, याची प्रचंड यादी गूगल आणि अ‍ॅपलने लोकांच्या फोनमधूनच जमवली आहे. तुमच्या फोनला शेजारपाजारचे चार-पाच राउटर दिसले की यादीत पाहून जागा निघते. त्यांना जोडून घ्यायचीसुद्धा गरज नसते. अँड्रॉइडमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथचं स्कॅनिंग लोकेशनच्या सेटिंगमध्ये वेगळं दिलेलं असतं. वरून वाय-फाय बंद दिसत असलं तरी हे स्कॅनिंग चालू असू शकतं.

बटण बंद केल्यावर ते खरंच बंद होतं का, या शंकेलाही इतिहास आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की गूगलमधली ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केल्यावरही जागेच्या नोंदी साठत होत्या. त्या ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ नावाच्या दुसऱ्याच सेटिंगखाली जात होत्या, आणि ते मुळातच चालू ठेवलेलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने यात ग्राहकांची दिशाभूल झाल्याचं ठरवलं आणि २०२२ मध्ये ६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ४० राज्यांशी गूगलने ३९ कोटी १५ लाख डॉलर भरून तडजोड केली. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ‘टाइमलाइन’ यापुढे आपल्या सर्व्हरऐवजी लोकांच्या फोनमध्येच राहील. हा बदल मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. जे कंपनीकडे नाहीच, ते कुणी तिच्याकडे मागूही शकत नाही.

ती मागणी कशी असायची, तेही सांगतो. अमेरिकेतले पोलीस नकाशावर एक चौकोन आखून गूगलला विचारत, या वेळेत इथे कोणकोणते फोन होते? फ्लोरिडातल्या एका तरुणाला जानेवारी २०२० मध्ये गूगलचा ईमेल आला की पोलिसांनी तुमची माहिती मागितली आहे. गुन्हा होता दहा महिन्यांपूर्वीच्या घरफोडीचा. त्या दिवशी तो सायकलवरून व्यायामाच्या फेऱ्या मारत होता आणि तासाभरात त्या घरावरून तीनदा गेला होता. सायकलफेरी मोजणाऱ्या अ‍ॅपने त्याला संशयित करून ठेवलं. वकील करावा लागला, त्याच्यासाठी आईवडिलांना पैसे घालावे लागले, मग सुटका. ‘आपण काय चोर आहोत का, घाबरायला?’ असं विचारणाऱ्यांना मी हा किस्सा सांगतो.

फुकट अ‍ॅपचा धंदा

इथवर निदान माहिती कुणाकडे आहे हे ठाऊक होतं. अ‍ॅपच्या बाबतीत तेही राहत नाही.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका टॉर्चच्या अ‍ॅपवर कारवाई केली. काम एकच: फोनचा दिवा लावणं. ते कोट्यवधी वेळा डाउनलोड झालेलं होतं, आणि फोनची जागा आणि ओळख-क्रमांक जाहिरात कंपन्यांना पुरवत होतं. अटी मान्य की अमान्य, असा पर्याय पडद्यावर यायच्या आतच माहिती निघालेली असायची. अंधारात किल्ली शोधणाऱ्या माणसाचं लोकेशन टॉर्चला कशाला हवं? विकायला.

हा व्यवहार दोन वाटांनी चालतो. एक म्हणजे अ‍ॅप बनवणारा दुसऱ्या कंपनीचा तयार कोड आपल्या अ‍ॅपमध्ये बसवतो, त्याचे त्याला पैसे मिळतात. तो कोड गुपचूप जागा टिपतो आणि आपल्या मालकाला पाठवतो. नोव्हेंबर २०२० मध्ये उघड झालं की नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या एका अ‍ॅपमधून अशीच माहिती एक्स-मोड नावाच्या दलालाकडे आणि तिथून अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांकडे जात होती. दुसरी वाट जाहिरातीच्या लिलावाची. अ‍ॅपमधली रिकामी पट्टी दिसते न दिसते तोच तिच्यासाठी बोली लागते, आणि बोली लावणाऱ्यांना सांगितलं जातं की हा अमुक प्रकारचा फोन आहे, अमुक ठिकाणी आहे. एकाचीच जाहिरात झळकते, पण माहिती बोलीत बसलेल्या सगळ्यांच्या हाती पडते.

दलालांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘आमच्याकडे नावं नसतात, फक्त क्रमांक असतात.’ ते कितपत टिकतं, ते बघू.

समजा माझ्यापुढे एका निनावी फोनच्या काही महिन्यांच्या नोंदी आहेत. रात्री अकरा ते सकाळी सहा डोंबिवली पूर्वेतल्या एका सोसायटीत. सोमवार ते शुक्रवार साडेनऊ ते सहा ठाण्यात, एका ऑफिसच्या इमारतीत. त्या सोसायटीत राहून त्या इमारतीत नोकरी करणारी माणसं किती असतील? बहुतेक एकच. नाव सोसायटीच्या पाटीवर आहे. मग पुढचं आपोआप उलगडत जातं. गुरुवारी संध्याकाळी दत्ताच्या देवळात. महिन्यातून दोन रविवार एका पक्षाच्या शाखेत. आणि मार्चपासून दर तीन आठवड्यांनी एकदा, सकाळी आठ ते दुपारी चार, परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात. परळला कुणी दर तीन आठवड्यांनी हवापालटाला जात नाही. घरच्यांना, ऑफिसात, विमा कंपनीला काय सांगायचं आणि कधी, हे त्या माणसाने अजून ठरवलंही नसेल.

यावर शास्त्रीय कामही झालं आहे. २०१३ मध्ये इव्ह-अलेक्झांडर द मोंज्वा आणि सहकाऱ्यांनी १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या टॉवर-नोंदी तपासल्या. वेळ आणि जागा अशा फक्त चार जोड्या माहीत असल्या तरी ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी निघत होती. नोंदी तासाच्या आणि टॉवरच्या मापाच्या, म्हणजे तशा ढोबळच, तरीही. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या हाती १ कोटी २० लाख फोनच्या ५,००० कोटींहून जास्त नोंदींची एक फाइल लागली. नावं नव्हती. तरी पत्रकारांनी त्यातून सरकारी अधिकारी, वकील आणि नामवंत माणसं शोधून काढली, याच पद्धतीने: रात्र कुठे, दिवस कुठे.

एकेकट्याची नोंद नसली तरी घोटाळा होतो. स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने जगभरातल्या धावपटूंच्या वाटांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की सीरिया-अफगाणिस्तानच्या काळ्याकुट्ट भागात काही चौकोन झगमगतायत. सैनिक तळाच्या कुंपणाला लागून पळत होते.

कायदा कुठवर आला

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्याचा लोकेशनशी थेट संबंध आला ८ जुलै २०२४ च्या निकालात. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका नायजेरियन आरोपीला जामीन देताना अट घातली होती की त्याने गूगल मॅप्सवर पिन टाकायची, म्हणजे तपास अधिकाऱ्याला तो कुठे आहे ते दिसेल. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी ती अट रद्द केली. जामिनावरच्या माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांना सतत डोकावता येणार नाही, असं सांगून. यातली गंमत म्हणजे न्यायालयाने गूगललाच विचारलं की ही पिन नेमकी करते काय, तेव्हा कळलं की तिच्यामुळे माणसाचा चालू माग निघतच नाही. म्हणजे घटनेला न चालणारी अट कामाचीही नव्हती.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पण लोकेशनसाठी वेगळी, जास्त कडक वर्गवारी या कायद्यात नाही, आणि सरकारी यंत्रणांना मोठी सूट आहे. कर्जाच्या अ‍ॅपबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे: ग्राहकाची ओळख पटवताना, त्याच्या संमतीने, एकदाच लोकेशन घेता येईल; फोनमधले संपर्क आणि फोटो चाळता येणार नाहीत. कर्ज देणारं अ‍ॅप ‘नेहमीसाठी’ लोकेशन मागत असेल, तर ते काढून टाकलेलं बरं.

नोकरीतल्या पाळतीबद्दल मात्र आपल्याकडे फार कमी बोललं जातं. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. नेमून दिलेल्या बीटमध्ये ठरल्या वेळी घड्याळ दिसलं तर हजेरी. कामचुकारांना आळा बसेल हे समजू शकतं. पण साहेबाच्या मनगटावर असं काही बांधल्याचं ऐकिवात नाही.

हातात काय आहे

अ‍ॅपचं नाक दाबणं सोपं आहे. सेटिंगमध्ये लोकेशनच्या परवानग्यांची यादी उघडा आणि ‘नेहमीसाठी’ परवानगी असलेली अ‍ॅप आधी पाहा. टॅक्सी, नकाशा, जेवण मागवायचं अ‍ॅप यांना ‘वापरत असतानाच’ पुरतं. हवामानाच्या अ‍ॅपला तुम्ही कुठल्या मजल्यावर राहता ते कळायची गरज नाही. अँड्रॉइड १२ आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून ‘अंदाजे लोकेशन’ देता येतं, ते द्या. अँड्रॉइडमधला जाहिरातीचा ओळख-क्रमांक पुसून टाकता येतो, आयफोनवर अ‍ॅपला मागोवा घ्यायला नकार देता येतो. फोटोत जागेची नोंद दडलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ती गळून जाते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच जाते. घर विकायला काढताना फोटो पाठवणाऱ्यांचं ठीक, पण मुलांचे फोटो पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

व्हीपीएनने यातलं जवळपास काहीच थांबत नाही, फक्त इंटरनेटचा पत्ता बदलतो. टॉवरच्या नोंदीवर तर कुठलीच सेटिंग चालत नाही.

आणि आपल्या घराघरातली खरी पाळत ना अमेरिकी दलालाची, ना पोलिसांची. ती असते घरच्यांची. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांनी आपोआप संपतं, ही त्यातली चांगली गोष्ट. रात्री उशिरा घरी येणाऱ्या मुलीने आईला ते पाठवणं, यात वावगं काही नाही. गूगल मॅप्समध्ये मात्र ‘मी बंद करेपर्यंत’ असाही पर्याय आहे. तो चालू करायला अनलॉक केलेला फोन मिनिटभर हाती लागला तरी पुरतो. नकाशा उघडून आपल्या चित्रावर दाबा, ‘लोकेशन शेअरिंग’मध्ये जा आणि यादीत कुणाची नावं आहेत ते वाचा. आयफोनवर हेच ‘फाइंड माय’मध्ये दिसतं. बॅगेत किंवा गाडीच्या सीटखाली कुणी एअरटॅगसारखा ट्रॅकर टाकला असेल, तर मे २०२४ पासून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही ‘अनोळखी ट्रॅकर तुमच्याबरोबर फिरतोय’ असा इशारा देतात. तो इशारा नुसता बाजूला सरकवू नका.

यादीत नको असलेलं नाव सापडलं तर लगेच काढून टाकावंसं वाटेल. पण आपलं लोकेशन दिसेनासं झालं हे समोरच्याच्या लक्षात येतं. मारहाण करणाऱ्या किंवा धमकावणाऱ्या माणसाच्या बाबतीत तोच क्षण धोक्याचा ठरू शकतो. तिथे आधी दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवरून विश्वासातल्या माणसाशी किंवा १८१ या महिला हेल्पलाइनशी बोलावं, पडद्याचा स्क्रीनशॉट काढून त्यांच्याकडे पाठवून ठेवावा, आणि शेअरिंग बंद करायचं ते सुरक्षित जागी पोचल्यावर.